गिरणी थांब्याची मागणी

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी तुला 'लाइनवर राहा' म्हणालो, त्याचा राग मानू नकोस. बुकिंगच्या वेळेत सख्खी बहीणही प्रवासीच असते.

एक वाईट बातमी आहे. ज्या थांब्यावर सहापेक्षा कमी बुकिंग, तो फेरीतून वगळायचा, असा नव्या साहेबांचा नियम आला आहे. गुरुवारी तुमच्या गिरणी थांब्यावर एकच बुकिंग असतं, आणि ते तुझं. फेऱ्या मीच आखतो, त्यामुळे उद्या लोक म्हणतील, बहिणीसाठी थांबा ठेवला. पुढच्या महिन्यापासून गाडी पुलावरूनच परत फिरेल.

आईला अजून सांगितलेलं नाही. गुडघ्यामुळे ती घराबाहेर पडत नाही, आणि गुरुवार उजाडला की तुझी वाट बघत खिडकीत बसते. तूच तिला काहीतरी समजुतीचं लिही.

तुझा,
धाकटा

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी खेळात बाद झालास की तू नियमच बदलायचास. आता नियमाला एवढा जागतोस, हे वाचून डोळे निवले.

आईला मी काही लिहिणार नाही, कारण थांबा बंद होणार नाही. इथल्या बऱ्याच जणांना हल्ली गुरुवारीच शहरात कामं निघू लागली आहेत. शिंपी आहे, निवृत्त मास्तर आहेत, गिरणीवाला आणि त्याचा गोतावळा आहे. नाव आणि थांबा सांगितला की बुकिंग होतं आणि पैसे गाडीत चढल्यावर द्यायचे, एवढंच ना? आणि प्रत्यक्षात चढले किती, हे कोण बघतं? सहज विचारते.

माया आहेच, ती थांब्यावर अवलंबून नाही.

तुझी,
ताई

ता. १४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या शंकेचं उत्तर राहिलं होतं. चढले किती, हे वसुली खातं बघतं. ते आमच्या शेजारच्याच खोलीत आहे, पण कपाटाच्या जागेवरून बिनसल्यापासून आमचं बोलणं नाही.

गिरणी थांब्यानं कमाल केली आहे. दर गुरुवारी अकरा बुकिंग! मी त्याला 'सुप्त मागणी' असं नाव दिलं आणि साहेबांनी भर बैठकीत माझी पाठ थोपटली. ड्रायव्हर म्हणतो की तिथून एकच बाई चढते, पण त्याला आकड्यांतलं काय कळतं? तुमच्याकडे सर्दीची साथ आहे का गं? फोन करणाऱ्या सगळ्यांचाच आवाज बसलेला असतो.

येत्या गुरुवारपासून छोट्या गाडीऐवजी मोठी बस येईल. ती गिरणीच्या गल्लीत वळत नाही, म्हणून थांबा हमरस्त्यावर नेला आहे. पहिल्या फेरीला साहेब स्वतः येणार आहेत आणि मी यादी घेऊन दारात उभा असेन. सगळ्यांना वेळेवर यायला सांग. फजिती झाली तर माझी बढती गेलीच म्हणून समज.

लोभ वाढतच आहे, आकडे साक्षीला आहेत.

तुझा,
धाकटा

ता. १९ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

गुरुवारी मी आले नाही. तू खिडकीत किती वेळ बसली असशील, ते मला ठाऊक आहे.

आधी खरं सांगते. ते अकरा प्रवासी मीच होते, नाकाला पदर लावून. पण तुझ्या लेकाची बढती बुडू नये म्हणून मी गावभर दारोदार फिरले आणि एकेकाच्या हातापाया पडले. शहरात कुणाचंच काम नव्हतं. मास्तरांनी विचारलं, जाऊन करायचं काय? मी तुझा पत्ता दिला.

नाव पुकारलं की एकेक जण चढला. शेवटी मी पाय ठेवला, तर यादी बघून तुझा लेक म्हणाला, आपलं बुकिंग? इतके दिवस ड्रायव्हर ओळखीचा होता, कुणी विचारत नव्हतं. अकरा जणांच्या नादाला लागल्यापासून मी स्वतःचं बुकिंग केलंच नव्हतं. निम्मी बस रिकामी होती. साहेब शेजारी उभे होते. बाई, पुढच्या गुरुवारी या, असं मला म्हणून त्यानं दार लावून घेतलं. मी रस्त्यात उभी राहून रडले, आई. रागापेक्षा तुझी आठवण जास्त होती.

तुझी,
थोरली

ता. २१ एप्रिल

चि. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरुवारी दाराशी अकरा माणसं बघून मला वाटलं, मी गेले की काय आणि लोक भेटायला आले. शिंप्यानं पडद्याची उसवलेली शिवण घातली, मास्तरांनी सगळं वर्तमानपत्र वाचून दाखवलं, गिरणीवाल्याच्या सुनेनं माझे केस विंचरले. माणसं गुणाची आहेत. पण माझं लक्ष खिडकीकडेच होतं.

संध्याकाळी धाकटा बढतीचं पत्र घेऊन आला. तुझ्याबद्दल मी त्याला काही बोलले नाही. पालथ्या घड्यावर पाणी कशाला ओतायचं?

येत्या गुरुवारी परतीच्या फेरीनं मीच तुझ्याकडे येते आहे. गुडघा काय, बसल्या जागीही दुखतोच. चढवायला शेजारीण आहे, उतरवायला ड्रायव्हर तयार आहे. तू हमरस्त्यावर एक खुर्ची आणून ठेव.

बुकिंग शेजारणीच्या फोनवरून केलं. मला आवाज बदलायला जमत नाही, म्हणून सरळ माझंच नाव सांगितलं. धाकट्यानं ते लिहून घेतलं, थांबा विचारला आणि पुढचा फोन घेतला.

जीव तुझ्यात आहे, तो घेऊनच येते.

तुझी,
आई