'सरहद्द', भाग दुसरा

१७ सप्टेंबर, दुपार

ढब्बू,

आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत. तूही ठीक असशील असं धरून चालते, कारण फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला उत्तर देत नाहीस. पत्र तरी उघडशील. ताईचं अक्षर पाहून पाकीट फाडून टाकण्याइतका तू अजून मोठा झालेला नाहीस.

लिहायचं कारण म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवरच्या 'सरहद्द' खेळाचा दुसरा भाग. इतकी वर्षं ताटकळत ठेवून असला खेळ काढणाऱ्यांना समोर उभं करून चार शब्द सुनावावेत असं वाटतं. चित्रं सुरेख आहेत, ते मान्य. नदीचं पाणी चमकतं, घोड्यांच्या आयाळी हलतात. पण त्या घोड्यांना चाराच लागत नाही. धान्याच्या गाड्या आपोआप पोचतात, एकही चिखलात रुतत नाही. मग डोकं चालवायचं कुठे? वर कोपऱ्यात एक दाढीवाला सल्लागार उभा असतो, तो दर चालीला मला अक्कल शिकवतो. मी आयुष्यभर लोकांच्या कवळ्या बनवल्या, दंतवैद्यांचीसुद्धा मला असं शिकवायची हिंमत झाली नाही.

पहिल्या भागाची गोष्ट वेगळी होती. आपल्या दातांच्या लॅबमधला तो जुना कॉम्प्युटर, एकच खुर्ची. साच्यात प्लास्टर ओतायचं, ते घट्ट होईपर्यंत एक चाल तुझी. पुढच्या साच्याला एक चाल माझी. ज्या दिवशी कवळ्या जास्त, त्या दिवशी युद्ध जोरात. आणि तो खेळ थांबायचा, हे मला फार आवडायचं. तू तापाने आठवडाभर झोपून होतास, तेव्हा तुझं सैन्य नदीकाठी तसंच उभं राहिलं आणि माझंही. मी रोज येऊन पडद्यावर नजर टाकायचे आणि कामाला लागायचे.

आता ऐक. महिन्यापूर्वी मी नव्या भागात डाव मांडला आणि तुला बोलावणं धाडलं. तू आलास. पहिल्या एकदोन चाली खेळलास, त्याही नेहमीसारख्या उतावळ्या. मग तुझ्या नावापुढे एक करडं शिरस्त्राण दिसायला लागलं. मला वाटलं, हौसेने लावलं असेल, तुला नटायची आवड आहेच. तू शांतपणे खेळत राहिलास. उत्तरेकडून खेळातल्याच तिसऱ्या राजाने माझ्या शहराला वेढा घातला. तिकडे तुझा काहीच फायदा नव्हता, तरी तुझं घोडदळ डोंगर उतरून आलं आणि वेढा फोडून गेलं. स्वतःचा किल्ला उघडा टाकून आलास. तो किल्ला गेलाही.

मी खुर्चीवरून उठले आणि बेसिनवर जाऊन तोंड धुतलं. ढब्बू, मला वाटलं की तुला तोंडाने म्हणता येत नाही ते तू असं म्हणतोयस.

हा विषय मी काढणार नव्हते. काढतेच आता. तू मोठ्या लॅबमध्ये गेलास याचा मला राग नव्हता. दाताचा रंग जुळवणारा तुझ्यासारखा डोळा या गावात दुसरा नाही, कोणीतरी तुला पळवणारच होतं. पण मला ते डॉक्टरीणबाईंकडून कळलं. कवळ्यांचं पार्सल त्यांच्या दवाखान्यात द्यायला गेले तर त्या म्हणाल्या, "आता भाऊ नाही, मग रंगांचं कसं करणार?" मी हसून म्हणाले, "बघू की." मला काहीच माहीत नव्हतं हे त्यांना कळू दिलं नाही.

तर त्या घोडदळानंतर मी तुला माफ करून टाकलं. मनापासून, एका दमात. आईला फोन करून सांगितलं की आमचं बोलणं सुरू झालं. "कोण आधी बोललं?" तिने विचारलं. "तोच," मी म्हणाले. ती इतकी खूश झाली की मावशीलाही कळवून मोकळी झाली.

काल डाव संपला. तुझ्या मेव्हण्यांना मी मोठ्या ऐटीत पडदा दाखवायला बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, मदतीचं पान उघडलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "अगं, करडं शिरस्त्राण म्हणजे खेळाडू आलेलाच नाही. त्याच्या जागी मशीन खेळतं."

म्हणजे महिनाभर मी एका मशीनशी गोडीगुलाबीने वागत होते. पुढे तिथेच लिहिलंय की त्या माणसाचे जुने डाव बघून, तो जे करेल तेच मशीन करतं. पहिल्या भागातले आपले सगळे डाव त्याने गिळलेत. हे माझी समजूत घालत होते, "म्हणजे शेवटी तोच धावून आला ना?" नाही. तू आला असतास आणि तू आलास, यात फरक आहे. असला खेळ काढणाऱ्यांना तो कळत नाही, म्हणून दुसरा भाग मला आवडला नाही. तुला तो कळतो.

राग आलाय, पण तो खेळावर. तुझ्यावरचा शोधून पाहिला, सापडला नाही. एकदा माफ केलेलं परत कसं घेतात ते मला ठाऊक नाही, आणि शिकायची इच्छाही नाही. कामावर परत ये असं म्हणत नाहीये. रंग मी आता डॉक्टरीणबाईंच्या मुलीला दाखवून घेते, बरी आहे तिची नजर.

या रविवारी आई जेवायला येतेय. आपण दोघं रोज बोलतो अशीच तिची समजूत आहे. मी तिला खरं सांगणार नाही. तू आला नाहीस तर तिला आपोआप कळेल, आणि मग ती तुला नाही, मला विचारेल. बाराला बसू. दार मीच उघडेन. दारात काही बोलायची गरज नाही, चपला काढ आणि आत ये.

तुला न विचारताच माफ करून बसलेली,
ताई