करंगळीशेजारचे बोट

श्री. शके १८१९, हेमलंबीनाम संवत्सरे, माघ शुद्ध पंचमी. मी अंबाबाई, कै. मालोजींची बायको, वय सत्तरीच्या आसपास, धंदा शेती, राहणार मौजे कशेळे, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा. अक्षर येत नाही, म्हणून तोंडाने सांगते आणि विष्णुपंत लिहितात. डोके ठिकाणावर आहे. सून तर म्हणते, जरा जास्तच आहे.

कलम १. घर व भातखाचरे मुलगा येसाजीची आहेतच. मी दिली असे लिहून त्याला बरे वाटणार असेल तर लिहावे.

कलम २. म्हैस व माझ्या पाटल्या सून जना हिला. म्हैस तिचेच ऐकते. पाटल्या ती सणाला मागून घालते, आता मागू नयेत.

कलम ३. शेजारी कोंडाजी भजनात पखवाज वाजवतात. ताठ बोटाचा सूर वाकडाच, असे ते माझ्याबद्दल देवळात बोलले होते. त्यांना काही देत नाही. साक्षीला मात्र बोलावले आहे, म्हणजे हे कलम बसून ऐकावे लागेल.

कलम ४. माझी चार तारांची छोटी फिरंगी गितार. कर्जत स्टेशनच्या साहेबाच्या बंगल्यावर मी दूध घालीत असे. तिथला गोवेकर स्वयंपाकी मिंगेल याने मागच्या पडवीत मला शिकवले आणि गावी परतताना गितार देऊन गेला. तारा वेगवेगळ्या जागी दाबून सगळ्या एकदम छेडायच्या. त्या पकडीला मी मूठ म्हणते. कापणीत विळा लागून माझे करंगळीशेजारचे बोट ताठ झाले. म्हणून मिंगेलच्या प्रत्येक मुठीला मी दुसरी मूठ शोधली. कुठे एकाच बोटाने दोन तारा दाबल्या, कुठे हात वर सरकवला. मालोजी म्हणत, हिला दार बंद केले तर ही कौले काढून बाहेर पडेल.

नात जयवंता माझ्याकडे बघून शिकली. दिवाळीत नीट पाहिले, तर पोरीने आपले धडधाकट बोटही माझ्यासारखेच ताठ धरलेले. तेव्हापासून तिची बोटे धरून मिंगेलच्या मुठी दाखवते आहे. जमतात, पण करीत नाही. सबब अट अशी की, ते बोट वळवून ती रोज वाजवू लागली, असे येसाजीने स्वतः ऐकून सांगितल्यावरच गितार तिची. तोवर येसाजीकडे.

इथवर लिहून होते तोच जयवंता माजघरातून आली. म्हणाली, अट मान्य नाही.

"माज्या बोटांनी वाजवलं, तर तू गेल्यावर तुजा सूर कुटं ऱ्हाईल, आजी?"

"सूर बोटात नसतो गं. दोनी रीतींनी वाजव. मी भिंतीकडं तोंड करते."

तिने वाजवले. आधीची मूठ माझी की मिंगेलची, मला ओळखता आले नाही. कोंडाजी समोरून बघत होते, म्हणून त्यांना विचारले.

"दुसऱ्या येळंला बोट वळत व्हतं, वयनी. ऐकाया फरक नाय."

हे त्यांच्या तोंडून निघाले, विष्णुपंतांनी जसेच्या तसे उतरवावे.

जयवंताने आपला हात उलटसुलट करून पाहिला. मग कोणी न सांगता पुन्हा वाजवू लागली, बोट वळवून. येसाजी ओट्यावर बसून शेवटपर्यंत ऐकत होता.

सबब कलम चारची अट काढली. गितारही काढली. ती आत्ताच जयवंताच्या मांडीवर दिली आहे. जी वस्तू माझी उरली नाही, ती मृत्युपत्रात घालणे बरे नव्हे.

अंबाबाई, निशाणी बांगडीची.
साक्ष : कोंडाजी, शेजारी, निशाणी नांगराची.
साक्ष : गजा बिन लडकू, निशाणी नांगराची.
दस्तुर विष्णु अण्णाजी. मुक्काम कशेळे, तारीख २७ माहे जानेवारी सन १८९८.