तोंडी परीक्षा

१३ जानेवारी, सोमवार

जोडीदार म्हणून नेमकी तीच दिली! वर्गात बत्तीस टाळकी. त्यात एकतीस कोवळी पोरं आणि एक मी, पन्नाशी ओलांडलेला वायरमन. बाईंनी हजेरीपटाच्या क्रमाने जोड्या लावल्या. आडनाव एकच, नंबर पाठोपाठ. "अरे वा, बापलेक! घरीही सराव होईल," म्हणे.

घरी! घरी ऑगस्टपासून अबोला आहे. "आई, बाबांना सांग पंखा खडखडतोय." "तिला सांग, बघतो म्हणावं." मधे ही. बायको कसली, आमचं पोस्ट ऑफिस झालंय.

मुळात मला या वयात इंग्रजी हवंय कशाला? सुपरवायझर व्हायचं तर दाखला लागतो, विद्यापीठाचा नवा नियम. सत्तावीस वर्षं याच इमारतींमधून तारा ओढल्या, एकाही तारेने मला इंग्रजीत प्रश्न विचारला नाही. प्रवेश चाचणीत अंदाजपंचे खुणा केल्या, त्या नेमक्या बरोबर निघाल्या आणि थेट 'अप्पर इंटरमिजिएट'ला बसवलं. चढलो खरा, आता उतरता येईना.

१४ जानेवारी, मंगळवार

दोन दिवस वर्गात, दोन दिवस घरून कॉम्प्युटरवर. याला 'ब्लेंडेड' म्हणतात. म्हणजे धड हे नाही, धड ते नाही.

मी बाहेरच्या खोलीत, ती आतल्या. मधे एक भिंत. तिचा आवाज आधी भिंतीतून येतो, मग कॉम्प्युटरमधून. सगळ्यांचे चेहरे दिसतात, तिच्या जागी काळा चौकोन. धडा — हॉटेलच्या खोलीबद्दल तक्रार. मी गिऱ्हाईक, ती मॅनेजर. "हाऊ कॅन आय हेल्प यू, सर?"

सर! पोटची पोर मला सर म्हणाली. तरी पाच महिन्यांत थेट माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

२३ जानेवारी, गुरुवार

आज उच्चार. आपण बोलायचं, मशीन गुण देणार. 'व्हेजिटेबल' अकरा वेळा म्हटलं. अकराही वेळा लाल फुली — पुन्हा प्रयत्न करा. बाराव्यांदा तोंड उघडणार तेवढ्यात भिंतीपलीकडून हळूच आलं, "व्हेज्टबल."

तसं म्हटलं. हिरवं झालं.

आभार कुणाचे मानायचे? भिंतीचे?

२८ जानेवारी, मंगळवार

तिचा कॅमेरा अजून बंदच. काळ्या चौकोनाशी किती दिवस बोलू? ती कॉलेजला गेल्यावर तिच्या कॉम्प्युटरची वायर बदलली, सगळं उघडून पाहिलं. ठणठणीत. पोर्टलवर तक्रार नोंदवली. दहा मिनिटांत उत्तर — 'आपली अडचण सुटली आहे.' कुणाची सुटली?

शेवटी हिला विचारायला पाठवलं. ही परत आली, म्हणाली, "कॅमेरा चालतोय."

"मग लावत का नाही?"

"ते तिलाच विचारा."

५ फेब्रुवारी, बुधवार

अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे.

आज दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगायचा धडा. एकाने सांगायचं, 'अमुक मला असं असं म्हणाला.' जोडीदाराने उठून त्या माणसाचं मूळ वाक्य जसंच्या तसं करून दाखवायचं. तिचा नंबर आला. फळ्याकडे बघत, एका दमात म्हणाली — माझ्या वडिलांनी मला त्यांना चेहरा न दाखवायला सांगितलं. इंग्रजीत. व्याकरण बिनचूक असणार, बाईंनी मान डोलावली.

मग मी. उठलो. मूळ वाक्य मला पाठच होतं, माझंच होतं ते! म्हणालो, "डोन्ट शो मी युअर माउथ."

वर्ग फुटला. बाई हसत म्हणाल्या, "वडील दाताचे डॉक्टर आहेत का?" तोंडाला इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत म्हणे. आपल्याकडे खायचं तेच, दाखवायचं तेच, आणि काळं करायचं तेही तेच. मला काय ठाऊक! सगळे हसत होते, ती सोडून. माझ्याकडे न बघता म्हणाली, "फेस."

ऑगस्टमध्ये मी प्रवेशाच्या कचेरीत शिडीवर उभा राहून ट्यूब बदलत होतो. खालून कारकून म्हणाला, "लेकीने इंजिनिअरिंग सोडून भाषा घेतल्या वाटतं?" मला पत्ता नाही! शिडीवरून पडलो नाही एवढंच. घरी येऊन म्हणालो, "मला तोंड दाखवू नकोस." रागाने म्हटलं. दोन दिवसांत राग गेला. आता कळतंय, तिने ते वाक्य जसंच्या तसं पाळलं. मी जेवून उठल्यावर जेवते. मी उठायच्या आत बाहेर पडते. कॅमेरा बंद.

आणि मी गाढव वायरी तपासत बसलो!

६ फेब्रुवारी, गुरुवार

तासाला बसलोच नाही. काळ्या चौकोनासमोर बसवेना.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पुस्तकात पान अठ्ठ्याऐंशीवर माफी मागायच्या सात पद्धती आहेत. साधी, औपचारिक, गिऱ्हाइकाची, शेजाऱ्याची. लेकीची नाही. मराठीत तर एकही जमेना. स्विचबोर्ड बघायच्या निमित्ताने दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा खरंच स्विचबोर्ड बघून परत आलो.

हिला म्हटलं, "तिला सांग, माझं चुकलं म्हणावं."

ही लाटणं ठेवून माझ्याकडे वळली. "बोलताना मला विचारलं होतंत का? नाही ना? मग आता तुम्हीच निस्तरा. आजपासून मी कुणाचा निरोप पोचवणार नाही."

बरोबरच आहे तिचं. राग मात्र आला.

१० मार्च, सोमवार

तोंडी परीक्षा. जोडीने बसायचं. टेबलापलीकडे बाहेरून आलेले परीक्षक, चष्मा नाकाच्या टोकावर. विषय — शहरातली बससेवा. ती सुरेख बोलली. थांबे, गर्दी, धूर, सगळं. इतकी छान बोलते हे मला माहीतच नव्हतं.

मग मला प्रश्न. बस चुकली की तुम्ही काय करता? इंग्रजीत त्या चुकण्याला 'मिस' म्हणतात. बस चुकली तरी मिस आणि माणसाची आठवण आली तरी मिस. तो शब्द कानावर पडला आणि माझा फ्यूज उडाला. म्हणालो, "आय डोन्ट मिस बस. आय मिस माय डॉटर. शी इज हिअर."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. मी थांबलोच नाही. एक वाक्य मी चुकीचं बोललो, सात महिने झाले, ती हुशार आहे, ती भाषाच शिकू दे, मला तिचा फेस बघायचाय, माउथ नाही, फेस. काळ-वचन सगळं खड्ड्यात. परीक्षक दोनदा म्हणाले, "द बस, प्लीज." कसली बस!

ती खाली मान घालून बसली होती. बाहेर पडल्यावर पुढे निघून गेली. मी मागून चालत आलो. सगळ्यांसमोर लाज काढली पोरीची. आता उरलंसुरलंही गेलं.

१७ मार्च, सोमवार

निकाल. ती पहिल्या वर्गात. मी नापास. शेरा — 'विषय सोडून बोलले.'

जेवायला बसलो होतो. ती माझा निकालाचा कागद घेऊन आली, समोरची खुर्ची ओढून बसली आणि थेट माझ्याकडे बघत ओरडली, "बाबा, अहो, विषय बसचा होता! बसचा! तुम्ही कुठे गेलात? आता जूनमध्ये परत बसायचंय, उद्यापासून रोज एक तास, आणि कंटाळा केलात तर बघा!"

बरंच बोलली. सगळं मराठीत.