नायकाची विजार कोण धुतं?

३ मार्च

लेख गेला. कसा गेला ते विचारू नये.

पोरगी लेन्स डोळ्यांत ठेवूनच झोपत होती. दोन्ही बुबुळं सोलवटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिनाभर पट्टी, आणि स्क्रीनचं नाव काढायचं नाही. इकडे हिचा सगळा जीव स्क्रीनमध्ये. खेळांवर आणि यंत्रांवर लिहिणाऱ्यांची एक साइट आहे. सभासद लिहितात, सभासद वाचतात, सभासदच भांडतात. ही तिथे कधीपासून फुकट लिहिते. आता संपादक म्हणे महिनाअखेरीस एकाला कायम नोकरीवर घेणार. एक तर ही, नाहीतर दगडफोड्या. दगडफोड्या हे त्या माणसाने स्वतःच स्वतःला ठेवलेलं नाव आहे, म्हणजे बघा. दर रविवारी लेख गेलाच पाहिजे. चुकला की तो आत, ही बाहेर.

"मला जन्मभर इस्त्री धरायची नाही," म्हणाली. माझ्याच दुकानात, माझ्या हातात इस्त्री असताना.

मग ठरलं — खेळायचं मी, सांगायचं तिने, लिहायचंही मीच. शाळा माझी चौथीपर्यंत. पण पावत्या लिहून लिहून अक्षर बरं आहे, म्हटलं जमेल.

ती पलंगावर पट्टी बांधून, मी कॉम्प्युटरपुढे.

"आई, समोर काय दिसतंय?"
"भिंत."
"मागे वळ. आता?"
"दुसरी भिंत."
"तू खाली बघतेयस."
"ती फरशी होय."

अख्खी दुपार गेली. मग तिने लेख सांगितला. फ्रेमरेट, लेटन्सी, ओपन वर्ल्ड — मला एक जोडाक्षर सापडेपर्यंत तिची तीन वाक्यं पुढे गेलेली. "झालं लिहून?" "झालं." कसलं झालं! पानावर फक्त 'या खेळात' एवढंच. तिला परत सांग म्हणायची लाज वाटली. तिचाच धीर सुटायचा. मग मी जे पाहिलं ते लिहिलं आणि धाडून दिलं.

असं लिहिलं — नायक राज्य वाचवायला निघतो. नदीत पडतो, चिखलात लोळतो, राक्षसाचं रक्त अंगावर घेतो. बाहेर आला की विजार पांढरी आणि कोरडी. कोण धुतं? सगळ्या राज्यात वाळत घालायला एक दोरी नाही. एवढा मोठा राजवाडा बांधलाय, मोरी कुठे आहे? शेवटी एक झोपलेला राक्षस आहे, त्याला उठवून मारायचं. झोपलेल्याला कशाला उठवायचं? मी परत आले. दहापैकी दोन गुण, तेही घोड्याचे. घोडा चांगला आहे.

आता देव करो आणि कुणी वाचू नये.

४ मार्च

वाचलं. सगळ्यांनी.

६ मार्च

शेकड्यांनी उत्तरं येतायत. एकाने लिहिलंय, इतकी वर्षं खेळतोय, मोरीचा विचार कधी मनात आला नाही, आता झोप लागत नाही. दुसरा राजवाडाभर मोरी शोधत फिरला, त्याचा नकाशा काढून टाकलाय. दगडफोड्या म्हणतो, हा थिल्लरपणा आहे.

पोरीने विचारलं, "लोक काय म्हणाले?"
काय सांगणार! तिला वाटतंय तिनेच सांगितलेलं छापलंय. म्हटलं, "छान म्हणाले."
"फ्रेमरेटबद्दल?"
"तो चांगला आहे म्हणाले. ताजा आहे."
"आणि लेटन्सी?"
"तीही आता बरी आहे."

ती भिंतीकडे तोंड करून पडली. उशीत डोकं. उशी हलत होती. रडते बिचारी, डोळ्यांची आग होत असणार. मी पाठीवर हात ठेवायला गेले तर आणखीच हलायला लागली. 

कानात ती पांढरी बोंडं घालून पडलेली असते दिवसभर. गाणी ऐकते. बघायला मनाई आहे, ऐकायला काय.

९ मार्च

ह्यांचं वेगळंच. दिवसभर सायकलवरून कपड्यांचे गठ्ठे घरोघर पोचवतात. आले, हात धुतले आणि बसले खेळायला. खेळ काय, तर ट्रक चालवून माल पोचवायचा.

म्हटलं, "अहो, हेच तर करून आलात."
"हा विरंगुळा आहे," म्हणाले.
ट्रकला सिग्नल लागला तर थांबतात. रस्त्यावर दुसरं कुणी नाही, तरी थांबतात.

पुढचा खेळ कोणता लिहावा कळेना. ट्रकचं लिहू का विचारलं, तर म्हणाले, घाई करू नकोस, माल अजून पोचलेला नाही.

१० मार्च

आज आक्रीत झालं, आणि त्याचाच लेख झाला.

आमच्या दुकानाचा नेम आहे. कपडा मशिनात जाण्याआधी खिसा दोनदा बघायचा. एकदा ह्यांनी, एकदा मी. एकाच्या डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. निघेल ते डब्यात, वर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. पण आज हे सकाळपासून ट्रकमध्ये. मला वाटलं ह्यांनी बघितलं, ह्यांना वाटलं मी बघितलं. विमावाल्याची करडी पँट गेली आत. गरम पाणी, पावडर, दोन खळबळ, वर पिळणी. मशीन थांबलं तर आतून गजर वाजतोय.

फोन. चालू होता! पुसून डब्यात ठेवला, चिठ्ठी लावली.

विमावाला आला, मी खरं ते सांगितलं. त्याने फोन कानाला लावला, मग वास घेतला. "पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येतंय," म्हणाला.

तिकडे पोरीने प्रोसेसर का कायसं घालून लेख सांगितला होता, मी हं हं केलं. धाडलं मात्र हे — फोन कोणता घ्यावा? जो गरम धुण्यातून गजर वाजवत बाहेर येतो तो. पिळणीत काच टिकली. रंग गेला नाही, दुसऱ्या कपड्याला लागलाही नाही. पांढऱ्यांबरोबर घालायला हरकत नाही. इस्त्री करून पाहिली नाही, तेवढी अक्कल आहे.

१३ मार्च

दुकानापुढे रांग. लोक फोन घेऊन आलेत. घालून बघा म्हणतात!

एक मास्तर कीबोर्ड घेऊन आला. "हलक्या हाताने," म्हणाला. एक बाई कानातली बोंडं रुमालात बांधून घेऊन आली. विमावाला परत आला, या वेळी बायकोचा फोन घेऊन. तिला माहीत आहे का विचारलं, तर दुसरीकडे बघायला लागला. मी सगळ्यांना हाकललं. म्हटलं, बिघडला तर माझ्या डोक्यावर येऊन बसाल. तरी मास्तरच्या कीबोर्डवर कापड फिरवून दिलं. काळं पाणी निघालं. त्यावर हा माणूस पोरांचे पेपर तपासतो.

आतून पोरगी ओरडली, "आई, बाहेर कसली गर्दी?"
"चादरींचा हंगाम आहे," म्हटलं.
परत उशी हलली. दार लोटून घेतलं मी. बघवत नाही.

१७ मार्च

कंपनीने पोरीच्या नावावर मनगटी घड्याळ पाठवलंय, परीक्षणाला. खोक्यावर लिहिलंय, पाण्यात चालतं. लिहिलंय ना? मग बघू की.

चादरींच्या घाण्यात घातलं.

बाहेर काढलं तर चालू. वर अक्षरं — पोहल्याबद्दल अभिनंदन, आजवरचा तुमचा सर्वोत्तम दिवस. खाली लिहिलं होतं, नाडी सापडत नाही. म्हणजे मेलेला माणूस उत्तम पोहला.

ह्यांनी हातात घातलं तर घड्याळ सांगतं, थोडी विश्रांती घ्या. "बायकोपेक्षा समजूतदार आहे," म्हणाले. सगळंच्या सगळं लेखात घातलं, ह्यांचं वाक्यसुद्धा.

पोरीने आज सांगता सांगता मध्येच विचारलं, "आई, मी आत्ता काय म्हणाले, वाचून दाखव." माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हटलं, "स्क्रीन... ती... फार धारदार आहे." "अगदी असंच म्हणाले मी," म्हणाली. देव पावला.

१९ मार्च

संपादकाचा मेल — कपडे असू द्या, कपडे वाढवा.

२२ मार्च

आता फाशी. दगडफोड्याने साइटवर लांबलचक तक्रार घातलीय. हे लिखाण पूर्वीसारखं नाही, पूर्वी हिला फ्रेमरेट कळायचा. हिच्या नावावर दुसरंच कुणीतरी लिहितंय, नाहीतर यंत्राकडून लिहून घेतलंय. संपादकाने फोन करून थेट विचारावं.

यंत्र! मला यंत्र म्हणाला मेला. गंमत म्हणजे खाली लोक भांडतायत. निम्मे म्हणतात, मोरीचं यंत्राला सुचणारच नाही. बाकीचे म्हणतात, मोरीचं माणसालाही सुचणार नाही.

संपादकाने कळवलं — पुढच्या शुक्रवारी दोघांनाही फोन करतो. लेखांबद्दलच विचारीन. मग निकाल.

लेखांबद्दल! लेखांत काय आहे हे पोरीला ठाऊकच नाही. तो विचारणार विजारीचं, ती सांगणार लेटन्सी. नोकरी गेली, ती माझ्या हाताने. आईने पोरीच्या डोळ्यांवर पट्टी असताना तिच्या ताटात माती कालवली, असं म्हणतील लोक. बरोबरच म्हणतील.

२४ मार्च

आजचा लेख तिने सांगितला तसाच लिहायचा ठरवलं. आता तरी. जोडाक्षरासकट. चार ओळी झाल्या. वाचून बघितलं तर उकळलेल्या पाण्यासारखं, चव ना ढव. सगळं पुसलं आणि ह्यांच्या ट्रकचं लिहिलं. रिकाम्या रस्त्यावर सिग्नलला थांबणारा माणूस मी नवरा म्हणून निवडला, त्याचं पहिल्यांदा बरं वाटलं, असं शेवटी आलं. कसं आलं कुणास ठाऊक. पुसणार होते, राहिलं.

२६ मार्च

तिला सांगायला गेले. पलंगावर बसले.
"हे बघ, त्या लेखांचं—"
"आई, मला झोप येतेय."
भर सकाळी!

२८ मार्च

"हे बघ पोरी, उद्या तो जे विचारेल—"
"आई, बाहेर गिऱ्हाईक आलंय."
कुणी नव्हतं. बाहेर जाऊन उभी राहिले, कुणी येतं का बघत. आत परत जायचा धीर झाला नाही.

२९ मार्च

फोन आला. पोरीने सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. मी विमावाल्याचा सदरा टेबलावर पसरलेला, इस्त्री हातात. हे दारात, सायकल धरून, जायचं विसरलेले. संपादकाचा आवाज सर्दी झाल्यासारखा.

"नायकाच्या विजारीचं तुम्हाला सुचलं कसं?"

मी डोळे मिटले.

"आमचं धुण्याइस्त्रीचं दुकान आहे," पोरगी म्हणाली. "इथे माणसाआधी विजार दिसते."

थंडपणे! जणू रोजचंच. मग तो म्हणाला, "तक्रार आलीय म्हणून विचारतो. फ्रेमरेट म्हणजे काय, तुमच्या शब्दांत?"

"ताजा असला की पुरे," म्हणाली.

तिकडे तो हसत सुटला. बराच वेळ नुसतं हसणंच ऐकू येत होतं. मग म्हणाला, "सोमवारपासून या. घरून लिहा, पण दुकानाजवळून हलू नका. आणि ते ट्रकवालं माझ्या बायकोने भिंतीला लावलंय."

मी चटका बसल्यावर खाली बघितलं. विमावाल्याच्या सदऱ्यावर इस्त्रीचा डाग, पाठीच्या अगदी मधोमध. इतक्या वर्षांत पहिला.

नोकरी लागली. माझ्या जिवाला घोर. ताजा हा शब्द मी बोलले होते तिच्याशी, एक वेळ तो आठवला असेल. पण विजार? मी चकार शब्द काढला नव्हता. ह्यांना विचारलं, तुम्ही सांगितलंत? म्हणाले, मला ट्रकमधून वेळ कुठे होता.

पोरगी म्हणाली, "आई, चहा टाक." 

३१ मार्च

काल पट्टी निघाली. आज म्हटलं, बोलणी खायची ती एकदाच खाऊ. कॉम्प्युटर उघडून तिच्यापुढे बसले. ती बघेना. कानातली बोंडं काढली, स्वतःच्या फोनवर कुठेतरी बोट दाबलं. फोनमधून एक बाई बोलायला लागली, सपाट आवाजात, पाठ केल्यासारखी — "नायक राज्य वाचवायला निघतो. नदीत पडतो, चिखलात लोळतो..."

माझं. शब्द न् शब्द.

"काय लिहिलंय ते हा वाचून दाखवतो, आई. पहिल्या रविवारपासून."

यंत्रांवर लिहिते मी. आणि फोन वाचतो हे मला ठाऊक नाही.

म्हणजे कानात गाणी नव्हती. आणि उशी रडण्याने हलत नव्हती.