ताईच्या जिताड्यांची यकृतं

८ एप्रिल

ताईचं पार्सल आलं. समुद्रातल्या पिंजऱ्यात वाढवलेल्या जिताड्यांची यकृतं, फॉर्मॅलिनच्या बाटल्यांत. काल फोनवर म्हणाली, ‘मासे मरतायत गं. रोज सकाळी तरंगलेले दिसतात. बघ तुझ्या त्या काचांवर काय दिसतंय ते.’ बाबा गेल्यापासून पिंजरे तीच सांभाळते, भावोजींना हाताशी घेऊन. एरवी आमचं बोलणं म्हणजे तब्येत आणि हवापाणी! त्यात ती आपण होऊन ‘बघ’ म्हणाली, हेच खूप.

बाटली उजेडात धरली. यकृताचा तुकडा बुडायला हवा. हा वर तरंगत होता!

९ एप्रिल

तुकडे मेणात बसवले. आज एवढंच.

११ एप्रिल

पातळ काप काढले, रंगवले. पेशी गुलाबी, त्यांची केंद्रकं निळी, असं दिसायला हवं. दिसली ती भोकंच भोकं! पेशी चरबीने टम्म, केंद्रक बिचारं कडेला रेटलेलं. काप तयार करताना चरबी विरघळून जाते, तिची रिकामी जागा तेवढी उरते. पेशींमधल्या बारीक रक्तवाटा जवळजवळ मिटलेल्या.

स्वादुपिंड मात्र जागच्या जागी. या माशात ते यकृतातच शिरतं, शिरांच्या कडेने बिऱ्हाड थाटून राहतं. शिकत असताना सुट्टीत सूक्ष्मदर्शक घरी आणला होता, तेव्हा बाबांना दाखवलं होतं. एक डोळा मिटून कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे घरजावईच की हा!’ भावोजी शेजारीच उभे — आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. ताईच्या हातातली बादली कलंडली, पाणी सगळ्यांच्या पायांवर. किती हसायचो आम्ही!

१२ एप्रिल

ताईला विचारलं, ‘खाद्य बदललंस का?’

म्हणाली, ‘वजन लवकर भरतं म्हणून नवीन घेतलं. तेल जास्त असतं त्यात.’

‘त्यानेच यकृतं गेली.’

‘तुला काय गं! तू काचेत बघतेस, मी पाण्यात असते.’ फोन ठेवूनच दिला.

खोटं नाही तिचं. लहानपणी होडीतून खाद्य टाकताना मुठीसाठी भांडायचो आम्ही. पाणी उकळल्यासारखं उसळायचं. बाबा ओरडायचे, ‘पुरे गं पोरींनो, थोडी भूक राहू दे त्यांना!’ दोघींच्या केसांना खाद्याचा वास — आई नाक मुरडायची. आता माझ्या हातांना फॉर्मॅलिनचा येतो.

१३ एप्रिल

भावोजींचा फोन, अगदी हळू आवाजात. ‘जुनं खाद्य मागवलंय तिने. मी सांगितलं असं बोलू नकोस हं.’

१९ जून

नव्या बाटल्या. तुकडे बुडालेत! भिंगाखाली तर बघतच राहिले — पेशी एकमेकींना खेटून, केंद्रक प्रत्येकीच्या मधोमध, रक्तवाटा मोकळ्या. ताईला कळवलं.

‘मरायचे थांबलेत, मला दिसतंय ना,’ म्हणाली. मग — ‘सुट्टी काढून ये. होडीत बसवते तुला.’

२२ जून

भावोजींचा फोन. काल वादळ झालं. माणसं सुखरूप. पिंजऱ्यांच्या जाळ्या फाटल्या, मासे सगळे समुद्रात. एकही उरला नाही.

ताईने फोन घेतला. म्हणाली, ‘बरे होऊन गेले ना गं?’

‘हो गं ताई. ठणठणीत.’