जावेच्या भिंती

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

थेटर! घरात! आमच्याच आवारात, धाकट्या जावेकडे, ऋतिकाकडे. सर्वेशभावोजी बोटीवर इंजिनिअर, निम्मं वर्ष समुद्रात. नाताळात घरी आले की त्यांना पिक्चर बघायला मागची खोली हवी. आणि ती सजवायची कोणी? आमच्या ह्यांनी! गाद्या-पडद्यांचं दुकान आहे ना.

आमच्या हॉलला खाली लाद्या, वर स्लॅब, बाकी ठणठणाट. सोफ्याचं कापड फाटून आतला फोम बाहेर आलाय. त्याला सवड नाही. जावेसाठी दुकान लवकर बंद!

१६ नोव्हेंबर

भिंतींना म्हणे ट्रीटमेंट द्यायची. आजारी पडल्या की काय? लाकडी चौकटी करायच्या, आत रॉकवूल, म्हणजे दगडाची लोकर म्हणे, भरायचं, वरून कापड ताणायचं आणि ते पॅनल भिंतीवर टांगायचे. कशाला? तर आवाज घुमू नये म्हणून. मी म्हटलं, घुमला तर घुमला, एकाच तिकिटात दोनदा ऐकायला मिळेल! हे हसले नाहीत. काहीतरी पुटपुटले.

हल्ली ह्यांचं पुटपुटणं फार वाढलंय. "काय म्हणालात?" विचारलं की "काही नाही." जावेशी बोलताना बरी जीभ सुटते.

१९ नोव्हेंबर

पॅनलचं कापड मोरपंखी. मला मोरपंखी आवडतो हे ह्यांना लग्नापासून माहीत आहे!!

२१ नोव्हेंबर

आज हद्द झाली.

सकाळी हे माझा आरसा काखेत मारून निघाले. माझ्या माहेरचा, लाकडी चौकटीचा. "जरा नेतो," एवढंच. मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मागे गेले. खिडकीतून बघते तर ऋतिका खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून ऐसपैस बसलेली. आणि आमचे हे, डोक्यावर टक्कल, कमरेला पट्टा, तिच्यासमोर आरसा धरून भिंतीकडेने इंचाइंचाने सरकतायत! ती त्यात बघतेय. हसतेय. मग तिने हात वर केला, ह्यांनी तिथे खडूने फुली मारली.

मला इतक्या वर्षांत कोणी आरसा दाखवला नाही.

जेवताना छेडलं. ह्यांना दोनदा सांगायला लावलं, तेव्हा कळलं – बसल्या जागेवरून आरशात जिथे स्पीकर दिसतो, तिथेच आवाज आपटून परत येतो. पॅनल तिथे लावायचा. स्पीकर दिसतो म्हणे! मला जे दिसलं ते मला दिसलं.

२४ नोव्हेंबर

घावने घेऊन गेले. काम कुठवर आलंय बघावं, म्हणून. (खोटं. दोघं काय करतात बघावं, म्हणून.)

खोली अजून रिकामीच होती. दोघं खिडकीपाशी, माझ्याकडे पाठ, डोकी जवळ, कुजबुज चाललेली. दारात उभी राहून कान टवकारले. एक अक्षर कळेल तर शपथ! भासऱ्याशी, थोरल्या दिराशी, एवढं हळू काय बोलायचं असतं? मग वळले. दोघंही एकदम गप्प.

"अगोबाई, वहिनी! या ना!" – चेहरा असा, जणू माझीच वाट बघत होती.

ताट ठेवलं आणि परत आले. घावने मी खाल्लेच नाहीत आज.

२५ नोव्हेंबर

बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

२७ नोव्हेंबर

आरोही कॉलेजातून आली ती कानांवर हात ठेवूनच. "आई, टीव्ही किती मोठा! पार गडग्यापलीकडे रस्त्यावर ऐकू येतोय." येऊ दे. त्यांच्याकडे थेटर, आमच्याकडे एवढं तरी.

चिमासुद्धा फिरली. भांडी दोन्ही घरची घासते, पण मन तिकडे. मागच्या दारात उभी राहून माझ्यावरच डाफरली, "बाय, कवापास्नं हाक मारतंय मी!" मारली असती तर मी ओ दिली नसती का?

३० नोव्हेंबर

ह्यांना तोंडावर विचारलं. तुमचं आणि तिचं काय चाललंय?

आधी पुटपुटले. मी म्हटलं, स्पष्ट बोला! तर एकदम ओरडले, "वेड लागलंय का गो तुला!" पुटपुटणं नाहीतर ओरडणं. मधलं काही ह्या माणसाला येतच नाही.

हो, जळते मी. तिच्या खोलीवर जळते, त्या कापडावर जळते, पण सगळ्यात जास्त त्या हळू बोलण्यावर. माझ्याशी कोणी असं हळू, जवळचं बोललंय त्याला किती काळ लोटला.

५ डिसेंबर

थेटर तयार झालं. उद्या संध्याकाळी सगळे बसणार. मी नाही. सकाळी पूर्णगडला माहेरी जातेय, बॅग भरली. परत कधी येणार ते सांगितलेलं नाही. कोणी विचारलंही नाही.

आरसा मात्र त्यांच्याकडे ठेवणार नाही.

६ डिसेंबर

आरसा आणायला गेले. चारी भिंतींना मोरपंखी, खाली गालिचा. दोघं दाराशी वायर गुंडाळत होते. मी थेट कोपऱ्यातल्या आरशाकडे गेले, त्यांच्याकडे पाठ करून वाकले.

मागून ऋतिका म्हणाली, "दादा, वहिनींना कधी सांगणार?"

हे म्हणाले, "कसं सांगू? कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येते. कापड उरलंय, तिच्यासाठीच जास्त घेतलेलं. आधी आमच्या हॉलला चार पॅनल मारतो. आवाज घुमला नाही की बोललेलं तरी नीट कळेल तिला."

चेहरे न बघता सगळं ऐकलं मी. शब्द न् शब्द. साध्या, रोजच्या आवाजातले.

कुजबुजत नव्हते ते. कधीच नव्हते.