हौद्यावर एकही ओरखडा नाही

३ जानेवारी, सकाळी ११
गाडी आली. पिकअप! पुढे पाच माणसं बसतात, मागे सामानाचा उघडा हौदा. शोरूमवाल्याने विचारलं, सर, बिझनेस काय? म्हटलं, चष्म्याचं दुकान. त्याने शेजारच्याकडे बघितलं. बघू दे. माझ्या धंद्यातला सगळ्यात जड माल म्हणजे चष्म्याची डबी, हे मलाही ठाऊक आहे. गाडी धंद्यासाठी घेतलेलीच नाही. गाडी लेकीसाठी. एक तारखेला ती परगावी नोकरीला लागणार, सहा तासांवर. तिचं सगळं सामान मागे, ती माझ्या शेजारी, आणि सहा तास नुसत्या गप्पा. गेली चार वर्षं आमचं बोलणं म्हणजे जेवलीस का आणि बाबा माझा चार्जर कुठाय. सगळा बॅकलॉग भरून काढणार.
आमची ही म्हणाली, नाकापेक्षा मोती जड. हिला लांबचं दिसत नाही. नंबर मीच काढलाय हिचा.

त्याच दिवशी, संध्याकाळी
गाडी गेटातून आत जात नाही. म्हणजे जाते, पण आरसे मिटून, श्वास रोखून. बिल्डरने गेटच अरुंद बांधलंय. नाचता येईना अंगण वाकडं, असं ही म्हणाली, आणि चार घरांना ऐकू जाईल असं म्हणाली. शेवटी किल्ली घेऊन हिनेच एका दमात आत लावली. नशीब असतं एकेकाचं.

५ जानेवारी
मॅन्युअल वाचायला घेतलं. ४१२ पानं. सहाव्यावर आहे. संकल्प: गाडी रोज सकाळी स्वतः पुसायची. आत खाणंपिणं बंद. सीटचं प्लास्टिक आत्ता नाही काढायचं, प्रवासाच्या दिवशी लेकीच्या हातून काढायचं. तिला सांगितलं. म्हणाली, बरं.

८ जानेवारी
पहिलं इंप्रेशन: ऐसपैस. उंचावर बसल्यामुळे बाकीच्या गाड्यांविषयी दया येते. दुकानाजवळ पार्किंग मिळत नाही म्हणून एक किलोमीटर अलीकडे लावून चालत जातो. व्यायामही होतो.
आज पहिला माल वाहिला. फ्रेमचा एक खोका, बुटाच्या डब्याएवढा. प्रत्येक वळणावर हौद्यात इकडून तिकडे घसरत होता. ऐकवेना. थांबलो, खोका शेजारच्या सीटवर घेतला, त्याला बेल्ट लावला.

११ जानेवारी
हौद्याला ओरखडे पडू नयेत म्हणून रबरी मॅट टाकली.

१२ जानेवारी
मॅट मळू नये म्हणून तिच्यावर जुनं कार्पेट. कार्पेट भिजू नये म्हणून वर ताडपत्री. आता निर्धास्त.

१५ जानेवारी
मेहुण्याचा फोन. सोफा हलवायचाय. त्याला समजावून सांगितलं की पहिले हजार किलोमीटर लोड टाकायचा नसतो, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. कुठल्या पानावर, म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला, ४१२ म्हणालो. नंतर बघितलं. ४१२ वर कंपनीचा पत्ता आहे.

१९ जानेवारी
वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर. वॉशिंग मशीन दुरुस्तीला न्यायचंय. म्हटलं, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय. मास्तर गाडीलाच टेकून उभे होते.

२४ जानेवारी
लेकीने सामानाची यादी दिली. लोखंडी कपाट, टेबल, गादी, पुस्तकांचे चार खोके, सायकल. कपाटाला लोखंडी पाय आहेत. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी कपाट मीच आणलं होतं, पण तेव्हा पाय कोण बघतो?

२८ जानेवारी
रंगीत तालीम. आधी हौद्यात लेकीची गादी, त्यावर आमच्या दोन, त्यावर रजया. एवढ्यानेच हौदा भरला. तरी एका बाजूने मी, एका बाजूने लेक, कपाट उचललं. ते मागच्या फाळक्याला टेकलं आणि कर्र आवाज आला. मी ओरडलो. लेकीने कपाट खाली ठेवलं आणि सरळ आत निघून गेली. मी टॉर्च आणून फाळका बघितला. काही झालेलं नाही.
काही झालेलं नाही हे सांगायला आत गेलो, तर ही तिच्या बोटाला पट्टी बांधत होती. कपाटाखाली सापडलं म्हणे. लेक म्हणाली, बाबा, फाळका ठीक आहे ना? मी म्हटलं, हो. मग लक्षात आलं की उत्तर चुकलं.

२९ जानेवारी
तोडगा निघाला! सामानासाठी टेम्पो ठरवला. सामान टेम्पोत, लेक माझ्या गाडीत. सामानाची कटकट नाही, गप्पाच गप्पा. हे आधी का सुचलं नाही? ही म्हणाली, सामान न्यायला गाडी घेतलीत आणि सामान न्यायला टेम्पो बोलावताय. तत्त्वाचं बोलणं हिच्याशी होत नाही. तरी दुकान सांभाळायला स्वतःहून थांबते म्हणाली. बापलेकीला सहा तास मिळू देत, म्हणाली.

३० जानेवारी, सकाळी ६
टेम्पो आला. त्याचा एक आरसा सुतळीने बांधलेला. टेम्पोवाल्याने वीस मिनिटांत सगळं चढवलं. सायकल तेवढी उरली. ही माझ्या गाडीकडे बघायला लागली. मी आभाळाकडे. मग मीच म्हटलं, सायकल काय, नंतर सावकाश आणीन. निघतोय!

३० जानेवारी, सकाळी साडेसात, चहाची टपरी
रस्त्यावर धूळ फार, म्हणून प्लास्टिक काढायचा कार्यक्रम पोचल्यावर करू म्हटलं. लेक म्हणाली, बरं. सीट चुरचुर वाजत होती. तिने पिशवीतून बिस्किटं काढली. मी नुसतं पुड्याकडे बघितलं. तिने पुडा परत ठेवला.
इथे थांबल्यावर म्हणाली, काकांना रस्ता दाखवायला कुणीतरी हवं, मी टेम्पोत बसते. टेम्पोवाला गेली सोळा वर्षं याच रस्त्याला आहे.

३० जानेवारी, दुपारी २
पोचलो. पावणेपाच तास टेम्पोच्या मागे. लेकीचा कोपर खिडकीबाहेर दिसत होता, बोटाची पट्टी दिसत होती. सारखी हातवारे करून काहीतरी सांगत होती. अधूनमधून खिडकीतून शेंगदाण्याची टरफलं यायची आणि माझ्या काचेवर बसायची. तीनदा ती मान मागे टाकून हसली. मी मोजलं. गाडी ताशी चाळीसला उत्तम चालते.
सामान उतरवताना टेम्पोवाला म्हणाला, साहेब, तुमची पोरगी घाबरलीय बरं का. रस्ताभर विचारत होती, काका, मला जमेल का हो? मी तिला म्हटलं, न जमायला काय झालं?
मला नाही विचारलं तिने. विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. फार वाईट वाटलं.

३१ जानेवारी
एकटा परत. हौद्यावर एकही ओरखडा नाही.

२ फेब्रुवारी
आज सीटचं प्लास्टिक फाडून काढलं. ताडपत्री, कार्पेट, मॅट, सगळं काढलं. संकल्प: रविवारी पहाटे सायकल हौद्यात टाकून निघायचं. दिवसभर लेकीबरोबर. हवं तिथे फिरवायचं, आणि गाडीतच खायचं. दोन किलो शेंगदाणे आणले. टरफलं आतच टाकायची. लेकीला मेसेज केला. तिचा अंगठा आला.

५ फेब्रुवारी
लेकीचा फोन. टेम्पोवाले काका उद्या तिकडून इकडे रिकामे येतायत, सायकल त्यांच्याकडे दे, तू कशाला एवढा हेलपाटा घालतोस? म्हटलं, अगं, हेलपाटा कसला, गाडी आहे ना. म्हणाली, नको रे बाबा, पेडल लागेल कुठेतरी, मग तुलाच वाईट वाटेल.
अगदी काळजीने म्हणाली. मी म्हटलं, बरं.

६ फेब्रुवारी
सायकल टेम्पोत मीच चढवली. पेडल माझ्या नडगीला लागलं. शेंगदाण्यांची पिशवीही दिली, तिच्यासाठी. जाताना टेम्पोवाला माझ्या गाडीकडे बघून म्हणाला, साहेब, गाडी ठेवावी तर तुमच्यासारखी.

७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
महिनाभराचं इंप्रेशन: रनिंग सहाशे वीस किलोमीटर. वाहिलेला माल, चष्म्याच्या फ्रेमचा एक खोका, तोही पुढच्या सीटवर.
दुकानातून आल्यावर फाळका उघडला आणि हौद्यात जाऊन बसलो. नुसताच. हौदा खरंच मोठा आहे. कपाट, टेबल, गादी, खोके, सायकल, सगळं मावलं असतं, वर मी मावलो असतो. थोड्या वेळाने ही चहा घेऊन आली. बराच वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, आता दोन शब्द धीराचे बोलेल.
म्हणाली, अहो, आधी चपला काढा, ओरखडे पडतील.
सवयीने काढल्या.